औषधाच्या पट्टीवरील 'आय. पी.' या दोन अक्षरांमागे नेमके काय असते?

कोकणकडा यांचा प्रश्न :

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय 72 असून रक्तदाबासाठी ते गेली 9 वर्षे टेल्मिसार्टनची 40 मिलिग्रॅमची एक गोळी रोज सकाळी घेतात. यंदाच्या मार्चपर्यंत आम्ही एका नावाजलेल्या कंपनीची गोळी आणत होतो. त्यानंतर डॉक्टरांना विचारूनच तीच गोळी जेनेरिकमध्ये घेऊ लागलो, कारण महिन्याच्या खर्चात पडणारा फरक आमच्यासारख्यांना जाणवण्याइतका मोठा आहे. एप्रिल आणि मे ठीक गेले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र आईने डब्यातून गोळी काढली तेव्हा ती बोटाला चिकटली, कडेला किंचित पिवळसर दिसली आणि जरासे दाबताच तिचा भुगा झाला. त्याच आठवड्यात वडिलांचा रक्तदाब 158/94 भरला. एरवी वरचा आकडा 130 च्या आसपास असतो.

ज्या दुकानातून गोळ्या घेतल्या तेथे विचारले असता, "पट्टीवर आय. पी. लिहिलेले आहे ना, मग काळजीचे कारण नाही," एवढेच उत्तर मिळाले. घरी येऊन मी पट्टी भिंगाखाली धरून वाचली. वर 'टेल्मिसार्टन टॅब्लेट्स आय. पी. 40 मि.ग्रॅ.' असे छापलेले आहे आणि खाली घटकद्रव्यांच्या ओळीत पुन्हा 'टेल्मिसार्टन आय. पी.' असे आहे. आईच्या अंगदुखीच्या गोळीवर मात्र वरच्या नावापुढे ही अक्षरे नाहीत, फक्त घटकांच्या ओळीत प्रत्येक नावापुढे ती आहेत. या दोहोंत काही फरक आहे का? ही अक्षरे कोण देते, आणि ती छापण्यापूर्वी कोणी तपासणी करते का? स्वस्त गोळीसाठी कमी प्रतीचे प्रमाणही चालते, असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते, त्यात किती तथ्य आहे? आणि माझ्यासारख्या साध्या ग्राहकाला एखादी गोळी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेता येते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त विश्लेषक यांचे उत्तर :

आपण प्रश्न नेमके विचारले आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. मी राज्याच्या औषध प्रयोगशाळेत 27 वर्षे विश्लेषक म्हणून काम करून निवृत्त झालो.

आय. पी. म्हणजे इंडियन फार्माकोपिया, मराठीत म्हणायचे तर भारतीय औषधकोश. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील इंडियन फार्माकोपिया कमिशन ही गाझियाबाद येथील स्वायत्त संस्था तो प्रसिद्ध करते. स्वातंत्र्यानंतरची पहिली आवृत्ती 1955 साली निघाली आणि नववी 2022 साली. औषध कोणाला आणि कधी द्यावे, हा या ग्रंथाचा विषय नाही. ते डॉक्टरांचे काम. औषध म्हणून जे विकले जाते ते खरोखर तेच आहे का, पुरेसे आहे का आणि त्यात नको ते काही नाही ना, एवढेच तो पाहतो. प्रत्येक औषधाला त्यात एक स्वतंत्र प्रकरण असते, त्याला आम्ही मोनोग्राफ म्हणतो, आणि मोनोग्राफमध्ये मर्यादा जितक्या काटेकोर दिलेल्या असतात तितकीच ती तपासण्याची रीतही काटेकोर दिलेली असते, जेणेकरून मुंबईच्या आणि नागपूरच्या प्रयोगशाळेने एकच नमुना तपासला तर उत्तर एकच यावे.

पॅरासिटॅमॉलची गोळी सर्वांच्या घरात असते, म्हणून तिचेच उदाहरण घेतो. छापलेल्या प्रमाणाच्या 95 ते 105 टक्के पॅरासिटॅमॉल गोळीत असले पाहिजे. म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या गोळीत ते 475 पेक्षा कमी आणि 525 पेक्षा जास्त असून चालत नाही. त्याआधी हे द्रव्य पॅरासिटॅमॉलच आहे याची ओळख पटवावी लागते. मग 4-अमिनोफिनॉल हा पदार्थ मर्यादेत आहे का ते पाहतात, कारण पॅरासिटॅमॉल तयार करताना तो वापरला जातो आणि पॅरासिटॅमॉल बिघडले की पुन्हा तोच निर्माण होतो. यानंतर 20 गोळ्या एकेक करून तोलतात. सरासरी वजन 250 मिलिग्रॅम किंवा अधिक असेल, तर सरासरीपासून 5 टक्क्यांहून जास्त दूर गेलेल्या गोळ्या दोनपेक्षा अधिक असू नयेत आणि 10 टक्क्यांहून दूर गेलेली एकही असू नये. साधी, वेष्टन नसलेली गोळी 37 अंश तापमानाच्या पाण्यात 15 मिनिटांच्या आत फुटली पाहिजे, आणि नुसती फुटून भागत नाही, ठरलेल्या वेळात तिच्यातील औषध विरघळूनही आले पाहिजे. यांपैकी एका कसोटीत गोळी नापास झाली, तरी आमच्या अहवालात ती 'अप्रमाणित' ठरते.

दोन ठिकाणच्या अक्षरांतील फरक आपण अचूक टिपला आहे. औषध क्षेत्रातील अनेकांच्याही तो लक्षात येत नाही. नावापुढे 'टॅब्लेट्स आय. पी.' असेल तर तयार गोळीसाठी औषधकोशात मोनोग्राफ आहे आणि संपूर्ण गोळी त्याला बांधील आहे. फक्त घटकापुढे आय. पी. असेल, तर गोळीत वापरलेला कच्चा माल कोशाच्या प्रमाणाचा आहे एवढाच त्याचा अर्थ. दोन-तीन औषधे एकत्र केलेल्या अनेक मिश्रणांना कोशात स्थान नसते, तेव्हा लेबलवर जाहीर केलेले घटक आणि त्यांचे प्रमाण हेच त्यांचे मुख्य प्रमाण मानले जाते, आणि गोळ्यांच्या सर्वसाधारण कसोट्या त्यांनाही लागू होतात. आईच्या गोळीचे हेच कारण असावे. ती गोळी वाईट आहे, असा त्याचा अर्थ काढू नये.

या प्रमाणांना कायद्याचे बळ मिळते ते 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातून. बनावट आणि निकृष्ट औषधांच्या तक्रारी वाढल्यामुळे 1930 मध्ये सरकारने कर्नल राम नाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली होती, आणि तिच्या शिफारशींतून पुढे हा कायदा आला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत औषधकोशातील ओळख, शुद्धता आणि सामर्थ्य यांची प्रमाणे बंधनकारक केली आहेत. त्या अनुसूचीत किमतीचा कोठेही उल्लेख नाही. पाच रुपयांच्या आणि पन्नास रुपयांच्या पट्टीला एकच मोनोग्राफ, एकच मर्यादा आणि एकच शिक्षा लागू होते. 'स्वस्त म्हणून हलके प्रमाण' ही समजूत लोकांच्या मनातून काढायलाच हवी, कारण तिच्यापायी परवडणारे औषध उपलब्ध असूनही लोक ते घेत नाहीत किंवा महागडे औषध एक दिवसाआड घेतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही अक्षरे कोणी बहाल करत नाही. ती उत्पादक स्वतः छापतो. प्रत्येक बॅच बाहेर पाठवण्यापूर्वी तपासण्याची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर असते, आणि सरकार बाजारातून नमुने उचलून पडताळणी करते. त्यामुळे आय. पी. हे मान्यतेचे शिक्कामोर्तब समजू नये. उत्पादकाने कायद्यासमोर दिलेली ती लेखी हमी आहे, आणि ती मोडली तर त्याला न्यायालयात उभे करता येते. औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून मोहोरबंद करतो : एक दुकानदाराकडे, एक शासकीय विश्लेषकाकडे, एक न्यायालयासाठी आणि एक उत्पादकासाठी. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल तर 28 दिवसांत तसे लेखी कळवावे लागते, आणि मग न्यायालय आपल्याकडील भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठवू शकते. तेथील अहवाल अंतिम असतो.

ग्राहकाच्या हक्काविषयी सांगायचे तर कायद्याचे कलम 26 केवळ आपल्यासाठीच आहे. कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना ठरलेली फी भरून आपण विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते आणि सहीचा अहवाल मागू शकते. माझ्या पूर्ण नोकरीत असे अर्ज मी बोटावर मोजण्याइतके पाहिले, याची मला खंत आहे. मात्र एक व्यवहार लक्षात घ्यावा : 10 गोळ्यांची एक पट्टी पूर्ण तपासणीला पुरत नाही, कारण वजनालाच 20 गोळ्या लागतात. एकाच बॅचच्या, न उघडलेल्या चार-पाच पट्ट्या आणि त्यांचे बिल हाताशी ठेवावे.

मिरजेचा औषधविक्रेता यांचे उत्तर :

वरील उत्तर वाचून मलाही दोन गोष्टी नव्याने कळल्या, त्याबद्दल आभारी आहे. मला मात्र प्रश्नातील एका शब्दाविषयी विचारायचे आहे. आईंनी गोळी 'डब्यातून' काढली, असे आपण लिहिले आहे. हा डबा म्हणजे सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेला, प्लास्टिकचा, गोळ्या पट्टीतून सोलून आठवड्याभरासाठी भरून ठेवण्याचा डबा आहे का?

तसे असेल तर गोळीकडे पाहण्यापूर्वी डब्याकडे पाहावे लागेल. टेल्मिसार्टन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते पोटात विरघळावे म्हणून गोळीत सोडियम हायड्रॉक्साइड, मेग्लुमिन यांसारखी अल्कधर्मी द्रव्ये घालतात आणि ही द्रव्ये हवेतील दमटपणा झपाट्याने ओढून घेतात. म्हणूनच आपल्या पट्टीला बहुधा दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असेल, ज्याला आम्ही ॲलू-ॲलू म्हणतो. साध्या पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीतून थोडा का होईना ओलावा आत जातो, ॲल्युमिनियममधून जात नाही. गोळी घेण्याच्या वेळेपर्यंत पट्टीतून काढू नये, अशी सूचना या औषधाच्या माहितीपत्रकांत आढळते, पण माहितीपत्रक ग्राहकाच्या हाती क्वचितच पडते. कोकणातील जुलै महिन्यात प्लास्टिकच्या कप्प्यात पाच-सहा दिवस राहिलेली अशी गोळी मऊ पडली, फुगली आणि तिचा भुगा झाला, तर मला नवल वाटणार नाही.

आमच्या बाजूचाही दोष सांगतो. औषधकोशात 'थंड जागी' याचा अर्थ 8 ते 25 अंश सेल्सियस असा बांधलेला आहे. 'शीत' म्हणजे 8 अंशांच्या आत, शक्यतो 2 ते 8. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखालच्या किती दुकानांत, किती गोदामांत आणि माल वाहणाऱ्या किती टेम्पोंत हे पाळले जाते, हा प्रश्न मी माझ्या व्यवसायबंधूंना नेहमी विचारतो. कारखान्यातून प्रमाणित निघालेली गोळी वाटेत अप्रमाणित होऊ शकते, आणि त्या वाटेवर आम्ही उभे आहोत. अ‍ॅस्पिरिनच्या जुन्या बाटलीचे झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो याच बिघाडाचा पुरावा. दमटपणाने अ‍ॅस्पिरिन मोडते आणि त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटते.

कोकणकडा :

आपला तर्क खरा आहे. डबा सात कप्प्यांचाच आहे. वडिलांना दृष्टीच्या अडचणीमुळे पट्टी फोडणे जमत नाही, म्हणून आई दर रविवारी गोळ्या भरून ठेवते. पूर्वीची गोळीही याच डब्यात असे. आम्ही ती मार्चमध्ये सोडली. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात काय झाले होते ते आठवत नाही. त्या वेळी रविवारचा डबा माझी बहीण भरत असे आणि स्वयंपाकघराऐवजी कपाटात ठेवत असे. आज मी त्याच बॅचची नवी पट्टी उघडून पाहिली. आतील गोळी पांढरी, कडक आणि कोरडी आहे. कप्प्यातील गोळी तिच्याशेजारी ठेवली तर दोन्ही एकाच कारखान्यातून आल्या असतील असे वाटत नाही.

दरम्यान मी गोळी पाण्याच्या ग्लासात टाकून पाहिली, कारण चांगली गोळी लगेच विरघळते असा एक संदेश मोबाइलवर फिरत असतो. पट्टीतील गोळीपेक्षा डब्यातील गोळी लवकर फुटली. याचा अर्थ कसा लावावा?

तारापूर क्यूसी यांचे उत्तर :

मी एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते. ग्लासातील प्रयोगावरून कृपया कोणताही निष्कर्ष काढू नका. औषधकोशातील गोळी फुटण्याच्या चाचणीत सहा काचनळ्या असतात, त्यांच्या तळाशी ठरावीक भोकांची जाळी असते, आणि 37 अंशांच्या पाण्यात ती चौकट मिनिटाला 28 ते 32 वेळा वरखाली होत राहते. स्थिर, गार पाण्यात न फुटलेली गोळी या यंत्रात सहज उत्तीर्ण होऊ शकते. शिवाय काही गोळ्या फुटूच नयेत अशा बनवलेल्या असतात. मधुमेहाची दिवसभर हळूहळू औषध सोडणारी गोळी ग्लासात तासन् तास तशीच राहील, आणि तिचे रिकामे कवच कधीकधी शौचातून बाहेर पडते तेव्हा रुग्ण घाबरून औषधच बंद करतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे फुटणे आणि विरघळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरघळण्याच्या चाचणीत साधारणपणे 900 मिलिलिटर द्रवाच्या सहा काचपात्रांत प्रत्येकी एक गोळी सोडतात, वर एक वल्हे मिनिटाला 50 किंवा 75 फेऱ्यांनी फिरत असते, आणि ठरलेल्या मिनिटाला सुईने थोडा द्रव काढून, गाळून, त्यात किती औषध उतरले ते यंत्रावर मोजतात. मी हे रोज पाहते, म्हणून सांगते : कधीकधी गोळी दोन मिनिटांत फुटते आणि तिचा भुगा वल्ह्याच्या बरोबर खाली पात्राच्या तळाशी शंकूसारखा साचून बसतो. पाहणाऱ्याला वाटते की गोळी उत्तम आहे, पण अर्ध्या तासाने काढलेल्या द्रवात औषध कमी भरते. आपल्या डब्यातील गोळी लवकर फुटली याचे कारण ती आधीच अर्धी मोडलेली होती. ओलावा शोषल्यामुळे तिच्यातील औषध किती उरले आणि ते पोटात नीट विरघळेल का, हे ग्लास सांगू शकत नाही.

मुदतीच्या तारखेविषयीही लिहिते, कारण तिचा आणि पट्टीचा संबंध बहुतेकांना माहीत नसतो. औषध बाजारात आणण्यापूर्वी त्याच्या गोळ्या 40 अंश तापमान आणि 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या बंद कपाटात 6 महिने आणि 30 अंश व 70 टक्के आर्द्रतेच्या कपाटात पूर्ण मुदतभर ठेवतात, आणि ठरावीक महिन्यांनी काढून प्रत्येक वेळी सर्व कसोट्या लावतात. गोळी कोशाच्या प्रमाणात मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत बसली पाहिजे. कारखान्यातून निघताना बसली, एवढ्यावर सुटका होत नाही. म्हणूनच आम्ही बॅच सोडताना स्वतःच्या मर्यादा कोशापेक्षा अरुंद ठेवतो. पण या सर्व चाचण्या गोळी विक्रीच्या पट्टीत असतानाच होतात. मुदतीची तारीख पट्टीसहित गोळीची असते. गोळी सोलून बाहेर काढली की त्या तारखेला काही आधार उरत नाही.

परदेशी प्रमाण नेहमी अधिक कडक असते, असेही अनेकांना वाटते. अमेरिकेच्या औषधकोशात पॅरासिटॅमॉलला ॲसिटॅमिनोफेन म्हणतात आणि त्याच्या गोळीला 90 ते 110 टक्क्यांची मुभा आहे. आपल्याकडील 95 ते 105 ची मर्यादा त्याहून अरुंद आहे. काही बाबतींत ते पुढे असतात, काही बाबतींत आपण. परंतु कोणताही कोश जे विचारतो तेवढेच उत्तर त्याला मिळते, ही त्याची खरी मर्यादा आहे. टेल्मिसार्टनच्याच कुळातील व्हॅलसार्टन या रक्तदाबाच्या औषधात 2018 मध्ये एनडीएमए हा कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारा पदार्थ सापडला आणि अनेक देशांत ते बाजारातून परत मागवावे लागले. चीनमधील एका कारखान्याने उत्पादनाची रासायनिक पद्धत बदलली होती आणि त्या बदललेल्या पद्धतीत हा पदार्थ तयार होत होता. तो माल त्या वेळच्या मोनोग्राफच्या कसोट्यांत उत्तीर्ण होत होता, कारण एनडीएमए शोधा असे तेव्हा कोणत्याही मोनोग्राफमध्ये लिहिलेलेच नव्हते. त्यानंतर या औषधांसाठी दिवसाला 96 नॅनोग्रॅम एवढी सूक्ष्म मर्यादा ठरली. कोशाच्या नव्या आवृत्त्या आणि मधल्या दुरुस्त्या निघत राहतात, त्यामागे अशी कारणे असतात.

वैनगंगा :

मी विदर्भातली आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची लहान मुले खोकल्याच्या औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आणली जात होती, ते आम्ही जवळून पाहिले आहे. तेव्हा ही प्रमाणे कोठे होती? सर्व काही कोशात लिहिलेले असताना मुले कशी दगावतात, हे कोणी सांगेल का?

निवृत्त विश्लेषक :

आपला प्रश्न मला टाळता येणार नाही. त्या औषधाच्या नमुन्यात तामिळनाडूच्या प्रयोगशाळेला डायएथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के आढळले. औषधी द्रावणांत त्याची सहन केली जाणारी मर्यादा 0.1 टक्का आहे. मोनोग्राफमधील एखादी फट शोधावी लागावी असा हा प्रकार नव्हे. ज्याने तपासले असते त्याला ते सापडलेच असते.

औषधाच्या पातळ मिश्रणात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रव्य दिसायला त्यांच्यासारखेच नितळ, दाटसर आणि चवीला गोड असते, शिवाय स्वस्त असते. डोळ्यांनी, जिभेने किंवा बोटांनी फरक कळत नाही. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या द्रव औषधात हेच वापरले गेले, शंभरहून अधिक माणसे गेली आणि त्यातून 1938 चा तेथील कायदा झाला. आपल्या मुंबईत 1986 च्या प्रारंभी जे. जे. रुग्णालयात मेंदूवरील आणि डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लिसरीनमध्ये हेच द्रव्य निघाले आणि 14 रुग्ण मूत्रपिंडे बंद पडून मरण पावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. मी नोकरीला लागलो तेव्हा प्रयोगशाळेत ते प्रकरण ताजे होते. ग्लिसरीनचा नमुना टेबलावर आला की आमचे वरिष्ठ स्वतः येऊन उभे राहत आणि 'ओळख' हा पहिला रकाना पूर्ण झाल्याशिवाय पुढची एकही चाचणी सुरू करू देत नसत.

त्या रकान्याचे महत्त्व मला अजूनही अपुरे समजले गेले आहे असे वाटते. सामर्थ्य आणि शुद्धता यांवर सर्वांचे लक्ष असते, पण पिंपात जे आहे ते लेबलवर लिहिलेलेच द्रव्य आहे का, हा प्रश्न विचारला गेला नाही तर बाकीचे आकडे निरर्थक ठरतात. अमेरिकेच्या औषधकोशाने 2009 मध्ये ग्लिसरीनमधील डायएथिलीन ग्लायकॉलची चाचणी ओळखीच्याच भागात हलवली, ती याच विचाराने : विष मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर ते ग्लिसरीन म्हणून ओळखलेच जाऊ नये. आपल्याकडे कच्च्या मालाच्या मोनोग्राफमध्ये ही चाचणी होतीच. छिंदवाड्यानंतर ती तोंडावाटे घ्यायच्या तयार द्रव औषधांवरही आली.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की प्रमाण कागदावर होते, पण पिंप उघडणाऱ्या माणसाने ते वापरले नाही आणि त्याने वापरले की नाही हे पाहणारा तेथे वेळेवर पोहोचला नाही. निरीक्षकांची आणि विश्लेषकांची रिक्त पदे भरा, प्रयोगशाळांना यंत्रे द्या, असे आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो. तपासणीला नमुना आला आणि अहवाल निघेपर्यंत ती बॅच विकून संपलेली होती, असे मी एकदा नव्हे, अनेकदा अनुभवले आहे. त्या अहवालांवर सही करताना वाटलेली अस्वस्थता निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

कोकणकडा :

सर्वांचे मनापासून आभार. काल वडिलांना डॉक्टरांकडे नेले. त्यांनी औषध न बदलता, गोळी थेट पट्टीतून काढून द्यावी आणि दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ रक्तदाब लिहून ठेवावा, असे सांगितले. एका आठवड्याच्या मोजणीवरून घाईने काही ठरवू नये, असेही ते म्हणाले. तरीही मी त्याच बॅचच्या पाच न उघडलेल्या पट्ट्या बिलासह घेतल्या आहेत. दोन आठवड्यांनंतर आकडे उतरले नाहीत, तर कलम 26 खाली अर्ज करणार आहे. आईला रोज पट्टी शोधावी लागू नये म्हणून एकेक गोळी वेष्टनासकट कात्रीने कापून डब्याच्या कप्प्यांत ठेवली, तर चालेल का?

मिरजेचा औषधविक्रेता :

चालेल, मात्र कापताना गोळीच्या खळग्याभोवतीची चिकटवलेली कड दोन-तीन मिलिमीटर तरी शाबूत राहिली पाहिजे, नाहीतर तेथूनच हवा आत जाईल. कापलेल्या तुकड्यांचे कोपरे टोकदार असतात आणि वडिलांना कमी दिसते, तेव्हा कोपरे गोल करून घ्यावेत आणि गोळी वेष्टनातून सोलून हातावर देण्याचे काम आईंनीच करावे, म्हणजे वेष्टनासकट गिळली जाण्याचा धोका राहणार नाही. बॅच क्रमांक आणि मुदत छापलेले टोक सर्वांत शेवटी वापरावे. अर्जासाठी बाजूला ठेवलेल्या पाच पट्ट्या मात्र कापू नयेत, उघडू नयेत, आणि स्वयंपाकघरात ठेवू नयेत.